चाळीसपर्यंत मोजा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपाइल झालं! सकाळी एकशे बारा एरर होत्या, संध्याकाळी साडेपाचला एकही उरली नाही. खुर्चीतून उठून टाळी वाजवली. पक्कड दारात उभा आहे हे दिसलंच नाही. "कोण आउट झालं, मॅडम?" म्हणाला. पक्कड आमचा वायरमन. हातातली पक्कड जेवतानाही सुटत नाही, म्हणून हे नाव. खरं नाव त्याला तरी आठवत असेल का, कोण जाणे.

काम कुठून सुरू झालं ते एकदा लिहून ठेवते. पुढे चिडचिड झाली की उपयोगी पडेल. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कंपनीने हात वर केले, यापुढे दुरुस्त्या नाहीत. आमच्या गॅस पॅनेलचा प्रोग्राम तिच्यावर चालतो. सदतीस ठिकाणी. कोल्ड स्टोरेज आणि बर्फाचे कारखाने. तिथे नळ्यांतून अमोनिया फिरतो. गळला की भिंतीवरच्या डिटेक्टरचा आकडा वाढतो, शंभराच्या पुढे गेला की सायरन. प्रोग्रामचं काम एवढंच. त्या एवढ्याच्या भरवशावर माणसं आत निर्धास्त वावरतात.

नवीन सिस्टीम साहेबांनी निवडली. जगभरातली पाच-पन्नास माणसं ती हौसेने बनवतात, फुकट वाटतात आणि फार कडक आहे म्हणून मिरवतात. प्रोग्राम उचलून तिच्यावर बसवायचा. चौदा वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता, त्यामुळे "मॅडम, हे तुमचंच बाळ" असं म्हणून साहेब मोकळे.

५ फेब्रुवारी, बुधवार

घड्याळ एक तास पुढे धावत होतं. पोर्टांची नावं वेगळी. तारीख लिहायची पद्धत वेगळी. जुनं कपाट नव्या घराच्या दारातून आत न्यावं तसं चाललंय—एकदा आडवं, एकदा तिरकं, मग फळ्या काढून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज टेबलावर पहिली चाचणी. आठ डिटेक्टर पालथ्या वाट्यांसारखे रांगेत मांडले. अमोनियाच्या पाण्याच्या बाटलीत काडी बुडवली, काडीच्या टोकाला कापसाचा बोळा, तो चार नंबरखाली धरला. आकडा वीस, साठ, एकशे चाळीस—आणि सायरन! खालचा टायरवाला नेहमी ओरडतो म्हणून पक्कडने सायरनवर आपली लोकरीची कानटोपी चढवून ठेवली आहे. तरी कान फुटले. कोपऱ्यात टोपी घातलेलं कुणीतरी बसून बोंबलतंय असं वाटतं.

चालतोय. नवीन सिस्टीमवर चालतोय! हाताला वास राहिला आहे. आईने दारातच ओळखलं—"आज पुन्हा ते औषध?"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आनंद एक दिवस टिकला.

दोन नंबरचा डिटेक्टर आकडा दाखवेना. असं होतंच कधीकधी. मी नेहमीचा उपाय केला—वायर काढली, चाळीसपर्यंत मोजलं, परत लावली. हाच उपाय मी गेली चौदा वर्षं फोनवर सांगत आले आहे. तीस सेकंद पुरतात, पण लोक भरभर मोजतात म्हणून मी दहा वाढवले. पाच वर्षांपूर्वी साहेबांनी त्याचं कार्डच छापून घेतलं, प्लॅस्टिकमध्ये घालून प्रत्येक पॅनेलशेजारी चिकटवलं: 'आकडा दिसत नाही? घाबरू नका. वायर काढा. चाळीसपर्यंत मोजा. परत लावा.'

वायर परत लागताच सायरन बोंबलायला लागला. गॅस नाही, बोळा नाही, बाटलीचं झाकण घट्ट. स्क्रीनवर सगळे आकडे पाचाच्या आत. थांबेचना. शेवटी पॅनेलच बंद केलं.

पुन्हा चालू केलं—शांत. वायर काढून लावली—बोंब. सहा वेळा केलं. सहाही वेळा तेच.

जुन्या सिस्टीमवर असं कधीच होत नाही. मग दोष नव्या सिस्टीमचा. तिच्या लोकांना सविस्तर मेल टाकली. मजकूर आता परत वाचला. जरा चढा सूर लागलाय माझा. 'आमचा चौदा वर्षं विनातक्रार चालणारा प्रोग्राम...' वगैरे.

१० फेब्रुवारी, सोमवार

उत्तर नाही.

सायरनच्या भागाला नेमकं काय दिसतं ते छापून बघितलं. आठही डिटेक्टर: २२३. आठच्या आठ, एकसारखे, हलत नाहीत. त्याच क्षणी स्क्रीनवर मात्र ४, ६, ३, ५. एकाच पॅनेलमध्ये दोन माणसं, दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बघताहेत.

साहेब आत आले. बर्फाच्या कारखान्याला उद्या नवीन पॅनेल लावायचा शब्द देऊन बसलेत.

"चालतंय ना?"

"चालतंय. पण वायर काढून लावली की उगाच वाजतो."

"उगाच वाजणारा सायरन आणि रडकं पोर, दोन्ही कोणी घरात ठेवत नाही, मॅडम. गप्प करा त्याला. मुळाशी जायचं ते नंतर निवांत जा."

दुपारभर त्या सिस्टीमचं माहितीपुस्तक चाळलं. एक बटण सापडलं, म्हणजे एक ओळ. आपल्या प्रोग्रामपुरता सिस्टीमचा कडकपणा कमी करता येतो. ती ओळ लिहिली. वायर काढली, चाळीस मोजले, लावली. शांत! पुन्हा केलं. शांत.

समाधान वाटायला हवं होतं. का गप्प झाला ते मला माहीत नाही. तात्पुरतं म्हणून केलंय—ओळीशेजारी तसं लिहूनही ठेवलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पक्कडने बर्फाच्या कारखान्यात पॅनेल लावून दिलं. शेजारी कार्डही चिकटवलं. "एकदम झकास, मॅडम. ऑपरेटर म्हणाला, जुन्यापेक्षा दिसायला बरं आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर आलं. सहा दिवसांनी. लिहिणारा त्या सिस्टीमच्या मेमरीचा भाग सांभाळतो. सहीखाली कंस, टिंबं आणि रेघांनी काढलेलं कासव. त्यामुळे मी त्याला कासवच म्हणणार. मजकूर थोडक्यात असा:

२२३ हा आमचा आकडा आहे. प्रोग्रामने वापरून सोडून दिलेली मेमरी आम्ही मुद्दाम २२३ ने भरून टाकतो, म्हणजे चुकून कोणी तिथे परत वाचायला गेलं तर लगेच उघडं पडावं. तुमचा सायरनचा भाग सोडून दिलेली जागा वाचतो आहे. जुन्या सिस्टीमवर ती जागा कोणी पुसत नसणार, म्हणून चूक दिसली नाही. ती तिथे नव्हती असं नाही. कडकपणा बंद करायची सोय आहे, पण कृपा करून ती वापरू नका.

चहा तसाच राहिला. शेवटचं वाक्य किती वेळा वाचलं ते मोजलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली. सहाशे एकेचाळिसावी ओळ. खरं तर तिथे नसलेली ओळ.

मला स्वतःला नीट समजावं म्हणून साध्या शब्दांत लिहिते. आठ डिटेक्टरांच्या आकड्यांची एक यादी असते. स्क्रीन ती वाचते, सायरनचा भागही तीच वाचतो. एखादी वायर निघून परत लागली की प्रोग्राम जुनी यादी टाकून देतो आणि नवी करतो. नव्या यादीचा पत्ता दोघांनाही द्यायला हवा. मी स्क्रीनला दिला. सायरनला द्यायचा राहिला.

म्हणजे त्यानंतर सायरन टाकून दिलेल्या यादीकडे बघत बसतो. नव्या सिस्टीमवर त्या यादीत २२३ भरलेले, म्हणून तो बोंबलतो. जुन्या सिस्टीमवर तिथे जुनेच आकडे पडून राहतात. वायर काढली त्या क्षणाचे. ४, ६, ३, ५. पुढे कितीही गॅस सुटला तरी सायरनच्या लेखी ४, ६, ३, ५. पॅनेल बंद करून चालू करेपर्यंत.

लिहिणं एक, बघणं एक. कपाटावरून जुन्या सिस्टीमचं पॅनेल उतरवलं. पक्कड होता. चालू केलं, बोळा धरला—वाजला. डिटेक्टर पुसला, आकडा खाली येऊ दिला. मग चार नंबरची वायर काढली, चाळीस मोजले, लावली. बोळा धरला. स्क्रीनवर साठ. शंभर. एकशे साठ. आकडा लाल होऊन उघडझाप करायला लागला.

सायरन गप्प.

पक्कड म्हणाला, "टोपीमुळे असेल." टोपी काढली. भोंग्याचं पितळी तोंड माझ्याकडे. एकशे ऐंशी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी मी बोळा हलवला नाही. खालून टायरवाल्याचा हातोडा ऐकू येत होता. बाकी काही नाही.

"मॅडम," पक्कड म्हणाला, "आपण कधी असं तपासलंच नाही ना? आपण तर नेहमी चालू करतो आणि लगेच बोळा धरतो."

नेहमी. चौदा वर्षं. प्रत्येक कारखान्यात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी चौकशीतसुद्धा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज ते लिहायलाच हवं.

नऊ वर्षांपूर्वी. भाजीपाल्याचं कोल्ड स्टोरेज. पॅनेलवर भाऊजी, ताईचे यजमान. ती नोकरी मीच लावून दिली होती. दुपारी चार वाजून सात मिनिटांनी चार नंबरच्या डिटेक्टरजवळ पाइप फुटला. आत पोती उचलणारा एक जण होता. तो गेला. भाऊजी त्याला ओढायला आत शिरले आणि बाहेर आले ते अर्धी छाती घेऊन.

ते पहिल्यापासून एकच सांगत होते—"सायरन वाजला नाही." आणि विचारल्यावर हेही सांगितलं की जेवणानंतर खुर्चीत डोळा लागला होता. दुसरं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. पहिलं कोणी ऐकलं नाही. माल चढवायच्या फलाटावर ट्रकची इंजिनं चालू होती, तिथल्या कोणाला काही सांगता येईना.

चौकशीत तांत्रिक अहवाल माझा होता. साहेब म्हणाले होते, "नातं आहे, दुसरं कोणी देईल." मीच हट्टाने घेतला. नात्यासाठी शब्द फिरवणार नाही, हे मला दाखवायचं होतं. कोणाला? अजून नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी पॅनेल चालू केलं, बोळा धरला, सायरन वाजला. मी लिहिलं: 'आकडा शंभराच्या पुढे गेल्याची नोंद आहे. आकडा शंभराच्या पुढे गेला की सायरन वाजतो. म्हणून सायरन वाजला होता.'

साहेब बाहेर सगळ्यांना सांगत होते, "सख्खी मेव्हणी सांगतेय, म्हणजे खरंच असणार!"

भाऊजींना परत कोणी कामावर घेतलं नाही. गेलेल्या माणसाची बायको एक दिवस ताईच्या दारासमोर येऊन बसली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. ताईने मला ते स्वतः सांगितलं नाही. आईकडून कळलं. तेव्हापासून ताईचं सगळं मला आईकडूनच कळतं.

त्या दिवसाच्या नोंदींची प्रत माझ्याकडे आहे. आज काढली. १२:५२—डिटेक्टर ४ बंद. १२:५३—डिटेक्टर ४ चालू. तेव्हाही मी ही ओळ बघितली होती. चौकशीत भाऊजींना विचारलंही होतं, "त्या दिवशी वायरला कोणी हात लावला होता?" ते म्हणाले, "नाही." मग वायर ढिली असेल असं धरून मी पुढे गेले.

त्या एका मिनिटानंतर सायरन आंधळा झाला होता. सव्वातीन तास.

१६ फेब्रुवारी, रविवार

काल आणि आज मी कोणालाच फोन केला नाही. सदतीस ठिकाणी कुठेही, कुणीही, या घटकेला वायर काढून चाळीस मोजत असेल. आणि मी घरात बसून परत परत कोड वाचतेय. 'आधी पूर्ण खात्री', असं स्वतःला सांगतेय. खात्री शुक्रवारीच झाली होती. एक फोन केला की अहवाल खोटा ठरतो, हे खरं कारण. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला वेगळं काही आठवायला नको.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "ताईकडे जाऊन ये की कधीतरी. जावयाचा खोकला वाढलाय. पाठीला उशी लावून बसून झोपतो म्हणे."

"येईन जाऊन."

"नऊ वर्षं हेच म्हणतेस."

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना दाखवलं. बोळ्यासकट. त्यांनी रुमाल नाकाला लावून पूर्ण बघितलं, मधेच उठले नाहीत. मग दार लावून घेतलं.

"नवीन सिस्टीमवर दुरुस्त झालं?"

"झालं. एका ओळीचं काम."

"उत्तम. मग जुनी पॅनेलं जसजशी बदलतील तसतसं आपोआप निस्तरेल. वर्ष-दीड वर्षात सगळी."

"साहेब, आजच्या आज सगळ्यांना कळवायला हवं. कार्ड काढून टाका, पॅनेल एकदा बंद करून चालू करा, एवढंच."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

"खरं सांगू."

ते हसले. वाईट हसले असं नाही, दमलेल्या माणसासारखे. "चौकशी नऊ वर्षांपूर्वी मिटली. झाकलेलं भांडं आहे ते. झाकण काढलंत तर पहिली वाफ तुमच्या तोंडावर येईल. अहवालावर सही कोणाची आहे?"

माझी.

"दोन दिवस विचार करा," म्हणाले. मी मान हलवली. होकारार्थी हलवली, हे नमूद करते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस केला नाही विचार. सकाळी नऊला फोन घेऊन बसले. पहिला नंबर बर्फाच्या कारखान्याचा, कारण तिथलं पॅनेल माझ्या ताज्या पापाचं आहे. ती 'तात्पुरती' ओळ तिथे चालू आहे, म्हणजे वायर काढली की तिथेही २२३ नाही, जुनेच आकडे.

ऑपरेटरने उचलला. गप्पिष्ट माणूस. "अहो मॅडम, बरं झालं केलात! काल पाच नंबरचा आकडा गेला होता. तुमच्या कार्डाप्रमाणे वायर काढली, चाळीस मोजले, लावली—लगेच आला! कार्ड भारी आहे हं."

"आता आकडे किती आहेत?"

"थांबा, बघतो... सगळे ठीक. तीन नंबर जरा वर दिसतोय. एकशे दहा. लाल झालाय. पण सायरन गप्प आहे, म्हणजे काही नसणार. स्क्रीनचाच काहीतरी घोळ."

"आत कोण आहे?"

"लाद्या काढणारे चौघं. का?"

"त्यांना बाहेर काढा. आत्ता. आणि पॅनेल बंद करून चालू करा."

"चहा घेतात ते दहा मिनिटांत, तेव्हा—"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पक्कडने नंतर सांगितलं, टायरवाला जिना चढून वर आला होता. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खटका, मग काही नाही. मी मोजायला लागले—सवयीने. तेवीसपर्यंत पोचले आणि फोनमधून सायरन ऐकू आला. टोपी नसलेला. पूर्ण गळ्याने.

फोन बंद झाला नाही. कोणीतरी हाका मारत होतं, पावलं, लोखंडी दार, पुन्हा हाका. मी काही करू शकत नव्हते. ऐकत उभी राहिले.

साडेअकराला पक्कडचा तिथून फोन. चौघंही बाहेर. एकाला ओकाऱ्या, दवाखान्यात नेलाय, बोलतोय. झडपेची रबरी चकती गेली होती. "मॅडम, अजून दहा मिनिटं..." म्हणाला आणि थांबला. पक्कड वाक्य अर्धवट सोडतो असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग उरलेले छत्तीस फोन. प्रत्येकाला तेच. संध्याकाळी सहाला शेवटचा. घसा बसला. साहेब दारात येऊन उभे राहिले, ऐकलं आणि आत निघून गेले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सदतीसांपैकी अकरा ठिकाणी पॅनेल आंधळं होतं. अकरा! पॅनेलं चालू असताना वायरी किती वेळा काढल्या ते विचारत गेले आणि मांडत गेले. एका ठिकाणी चौदा महिने.

कासवाला लिहून कळवलं. त्याची मेल या वेळी तासाभरात आली. दोनच ओळी. माणसं सुखरूप आहेत ना, आणि तुम्ही? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं लिहून पाठवलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

साहेब: "उद्यापासून घरून काम करा. किंवा करू नका." आवाज चढवला नाही.

पक्कड पिशवीभर कार्डं उपटून घेऊन आला. बत्तीस. बाकीची उद्या. "ठेवू कुठे, मॅडम?" मी म्हटलं, माझ्याकडे द्या.

चौकशी कार्यालयाला पत्र लिहायला बसले. 'माझा त्या वेळचा अहवाल चुकीचा होता' या वाक्याला दोन तास लागले. त्यातला एक तास 'चुकीचा' की 'अपुरा' यात गेला. चुकीचा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताईकडे गेले. आई सोबत येते म्हणाली, नको म्हटलं.

ताईने दार उघडलं. बाजूला झाली नाही. "काय काम काढलंस?"

"भाऊजींना एक कागद दाखवायचाय."

"मागच्या कागदाने पोट नाही भरलं?"

आतून खोकल्याचा आवाज आला, मग भाऊजींचा—"कोण आहे? इंजिनियरबाई का? अगं, येऊ दे तिला. दारात उभी करतेस, ती काय मीटर वाचायला आलीय?"

इंजिनियरबाई. नऊ वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं.

खिडकीपाशी बसले होते, मागे दोन उश्या. खांदे इतके अरुंद झालेत! मी सगळं सांगितलं. यादी, पत्ता, चार-सहा-तीन-पाच. ताई भिंतीला टेकून ऐकत होती. भाऊजी ऐकताना मधे मधे मान हलवत होते, एखाद्याने गावचा रस्ता सांगावा आणि तो आपल्याला पाठ असावा तशी.

"म्हणजे वाजला नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

ताईने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. कोणी उचललं नाही.

"डोळा लागला होता माझा, तेही खरंय हं," भाऊजी म्हणाले. "तेही लिही. स्क्रीनकडे बघत असतो तर दिसलं असतं." मग चष्मा लावून पत्र वाचलं. दोनदा. बोटाने एका ओळीवर थांबले. "हे एवढं खोड."

'दुपारी १२:५२ ला चार नंबरची वायर ढिली होऊन आपोआप सुटली असावी.'

"मग तिथे काय लिहू?"

ते आतल्या दाराकडे बघत राहिले. ताई चहा घेऊन येत होती. "उद्या फोन कर," म्हणाले. "ती बाजारात जाते तेव्हा. साडेदहाला."

२३ फेब्रुवारी, रविवार

साडेदहाला फोन केला. ते म्हणाले, त्या दिवशी जेवणाच्या आधी चार नंबरचा आकडा दिसेना, म्हणून मी तुलाच फोन केला होता. तू घाईत होतीस. म्हणालीस, भाऊजी, वायर काढा, चाळीसपर्यंत मोजा, परत लावा. मी मोजले, इंजिनियरबाई. एकही गाळला नाही.

चौकशीत वायरबद्दल 'नाही' का म्हणालात, असं विचारलं. म्हणाले, "हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न 'कोणी सांगितलं' हा होता."

ते 'नाही' म्हणाले तेव्हा मी समोरच बसले होते. तो फोन मला अजूनही आठवत नाही.